पॉवर कमी, म्हणून पॅरलॅक्स नाही?

‘एक ते चार, एक ते सहा पॉवरच्या स्कोपला पॅरलॅक्स नसतो, ती कटकट मोठ्या दुर्बिणींची.’ एअर रायफलवर पहिल्यांदा स्कोप चढवणाऱ्या मुलांना हा सल्ला सर्रास मिळतो, आणि देणारा जुनाजाणता असतो म्हणून मुले तो मुकाट मानतात. हा सल्ला चुकीचा आहे. नेमबाज घडवणाऱ्या नाशिकमध्ये तरी तो खपता कामा नये.

आधी दोष काय तो पाहू. स्कोपचे पुढचे भिंग लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत उमटवते. ती क्रॉसहेअरच्या नेमक्या प्रतलात पडली, तर डोळा थोडा सरकला तरी क्रॉसहेअर लक्ष्यावरून ढळत नाही. प्रतिमा त्याच्या पुढे किंवा मागे पडली, की रायफल जागची हललेली नसतानाही डोळ्याबरोबर क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकते; हाच पॅरलॅक्स. प्रतिमा कुठे पडेल हे लक्ष्याच्या अंतरावर ठरते. ज्या अंतरावरच्या लक्ष्याची प्रतिमा नेमकी क्रॉसहेअरच्या प्रतलात पडते, ते अंतर कमी पॉवरच्या बहुतेक स्कोपमध्ये कारखान्यातच १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, पक्के केलेले असते.

सल्ला देणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्याचा एक अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. डोळा तेवढाच सरकला तर एक पॉवरवर चूक थोडी होते, चार पॉवरवर तिच्या चौपट. पण एक पॉवरवर ठेवून कागदावरचा ठिपका कोण टिपतो? चार-सहाची सोय असलेला स्कोप घेणारा माणूस पॉवरची कडी चार-सहावरच नेतो. कडी फिरवल्याने ते ९१ मीटर काही बदलत नाहीत.

आता हिशेब. पुढचे भिंग २४ मिलिमीटरचे धरा. चार पॉवरवर डोळा मध्यापासून ३ मिलिमीटर सरकला, की तो दृश्याच्या अगदी काठाशी पोचतो. अशा वेळी ३०० मीटरवर नेम सुमारे २७ मिलिमीटर चुकतो. तिथे एक मिनिट कोनाचा चांगला ग्रुपही ८७ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे ही चूक त्यात बुडून जाते. ५० मीटरवर ती सुमारे साडेपाच मिलिमीटर होते, आणि १० मीटरवर जवळजवळ ११. आकडा ३०० मीटरपेक्षा लहान आहे खरा, पण १० मीटरच्या एअर रायफल टार्गेटवर ‘दहा’ हा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर सरकते. म्हणजे निव्वळ डोक्याच्या हालचालीने चारहून अधिक गुण गेले! लांबचे लक्ष्य म्हणजे पॅरलॅक्स ही समजूत इथे उलटी पडते. ०.१७७ बोअरच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून नवशिके सुरुवात नेमकी १० मीटरवरूनच करतात, आणि हा स्कोप त्यांना सर्वांत जास्त तिथेच फसवतो. मग मुलगा ट्रिगरला दोष देतो, पेलेटला देतो, शेवटी स्वतःच्या हाताला.

दुसरा पक्ष म्हणतो, डोळ्याजवळची काच फिरवा, पॅरलॅक्स जातो. जात नाही. त्या काचेने क्रॉसहेअर तुमच्या नजरेला स्पष्ट दिसते, एवढेच तिचे काम. तिसरा म्हणतो, मग पॅरलॅक्स लावायची चकती असलेला महाग स्कोप घ्या. फक्त १० मीटरवरच सराव करायचा असेल, तर तेवढ्या जवळ पॅरलॅक्स लावता येणारा स्कोप घेणे योग्यच. पण चकतीवरचा आकडा अंदाजाचा असतो. डोके हलवून खात्री तिथेही करावीच लागते.

खरा उपाय गालात आहे. बटावर गाल दर वेळी त्याच जागी, त्याच दाबाने टेकला पाहिजे. स्कोपमध्ये दिसणारी काळी कड चहूबाजूंनी सारखी असेल तर डोळा मध्यावर आहे. एका बाजूला चंद्रकोर दिसली, तर शॉट सोडायचा नाही.

याचा पुरावा नाशिकमध्येच आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये उभारलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शिकला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात ४५१.४ गुणांनी त्याने कांस्यपदक घेतले. या प्रकारात भिंगाचा स्कोप चालतच नाही. मागच्या पीप साइटच्या बारीक छिद्रातून पुढच्या फोरसाइटची कडी आणि तिच्यात काळे लक्ष्य अशी वर्तुळे एकात एक बसवायची असतात. डोळा हलला की वर्तुळे हलतात. त्यात गुडघ्यावर, आडवे आणि उभे अशा तिन्ही स्थितींत मानेचा कोन वेगळा, म्हणून गालाची जागा प्रत्येक स्थितीत नव्याने बसवावी लागते. हे शिक्षण ज्याला मिळाले त्याच्या हातात फिक्स पॅरलॅक्सचा साधा स्कोपही खरा बोलतो.

म्हणून कोचमंडळींना विनंती आहे. स्कोप आणणाऱ्या मुलाला ‘याला पॅरलॅक्स नसतो’ असे सांगू नका. रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की बसवा, कडी सर्वांत वरच्या पॉवरवर न्या, आणि रायफलला हात न लावता त्याला डोके डावी-उजवीकडे, वर-खाली हलवायला लावा. क्रॉसहेअर किती सरकते ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. पेलेटचा डबा त्यानंतर उघडा.