रडवणारा सिनेमा आणि सांगत राहणारं पुस्तक



‘श्यामची आई’ म्हटलं की आपल्या वयाच्या बायकांना आधी सिनेमाच आठवतो. आचार्य अत्र्यांचा, १९५३ चा. वनमालाबाई आई आणि माधव वझे श्याम. सिनेमाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक यालाच मिळालं. दूरदर्शनवर लागला की आमच्या घाटकोपरच्या चाळीत टीव्हीवाल्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. ‘भरजरी गं पितांबर’ सुरू झालं की सगळ्यांचे पदर डोळ्यांना. मलाही तो फार आवडतो. तरी माझं मत असं, की घरातलं कुणी नुकतंच गेलं असेल तर मुलांच्या हाती आधी पुस्तक द्यावं. सिनेमा नंतर.

आपण त्याला संस्कारांचं पुस्तक म्हणतो आणि बक्षीस समारंभात वाटतो. मला ते शोकाचं पुस्तक वाटतं. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली. ते अठराचेही नव्हते, शिकायला परगावी होते, शेवटची भेट झालीच नाही. पुस्तक लिहिलं १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, बरंचसं अवघ्या पाच दिवसांत. मी कॉमर्सची, आकडे आधी बघते. मध्ये पंधरा वर्षं गेली! एवढी वर्षं ते सगळं मनात साठवून होते.

पुस्तकातला श्याम मोठा झालेला आहे. आश्रमात रोज रात्री तो मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री. कधी त्याचा गळा दाटतो, पण दुसऱ्या रात्री तो पुन्हा सांगायला बसतो आणि ऐकणारे पुन्हा येतात. पोहायला जात नाही म्हणून आईने दिलेला मार दोन्हीकडे आहे. सिनेमात तो मार आपण बघतो, पुस्तकात तो मार आठवणारा माणूस दिसतो. अत्र्यांनी मध्ये ‘छडी लागे छमछम’ घालून हसवलंही, कारण थिएटरात माणूस सलग किती रडणार? पण दिवे लागले की आपण डोळे पुसून घरी.

२०२३ साली सुजय डहाकेंनी पुन्हा सिनेमा काढला, तोही कृष्णधवल. त्यात मोठे गुरुजी आहेत, ओम भुतकर. त्यामुळे तो मला पुस्तकाच्या जास्त जवळचा वाटला. वनमालाबाई मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत, त्याला इलाज नाही.

हे आत्ता सुचायचं कारण घरातलंच. माझ्या नणंदेची मुलगी गेली, मुलुंडला. छापलं, ‘लौकिक व्यवहार बंद’. दोन तासांची प्रार्थनासभा, स्तवनं, मग हात जोडून रांग. सोय झाली, खर्चही वाचला, तक्रार नाही. पण तिच्या पंधरा वर्षांच्या लेकीला जो तो म्हणे, रडू नकोस, आर्तध्यान होतं. तत्त्वार्थसूत्रात शोक आणि आक्रंदन ही असातावेदनीयाची कारणं सांगितली आहेत, ते मी मानते. म्हणून आठवण काढणंही बंद करायचं का? घरात आईचं नावच कुणी घेईना.

एके दिवशी पोरीने मला हळूच विचारलं, “आजी, मम्मी अठाईत चिडायची का हो?”

म्हटलं, “चिडायची! सहाव्या दिवशी तर फारच.”

किती दिवसांनी हसली. मग तासभर मी सांगत होते आणि ती ऐकत होती. मध्ये दोघी रडलोही.

पुस्तक तिला दिलंय. रोज रात्री एकच प्रकरण वाचते, तिनेच ठरवलं. एकेचाळिसाव्या रात्रीचं नाव आहे ‘भस्ममय मूर्ती’. ते तिने एकटीने वाचू नये असं मला वाटतं. त्या दिवशी मी मुलुंडला राहायला जाणार आहे.