गोळी डॉक्टरांची, राखण परिचारिकेची

आजारी माणसाला भेटावयास जाताना शहाळे न्यावे, ही आपल्याकडची जुनी रीत. परंतु रुग्ण हार्ट फेल्युअरसाठी स्पायरोनोलॅक्टोन घेत असेल, तर हेच शहाळे त्याला बाधू शकते. हे घरच्यांना कोण सांगणार? माझ्या मते हे काम परिचारिकेचे आहे आणि त्यासाठी लागणारा अधिकार तिला आपण डॉक्टरांनीच दिला पाहिजे.

अल्डोस्टेरॉन हे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे संप्रेरक. ते शरीरात सोडियम व पाणी राखते आणि मूत्रावाटे पोटॅशियम बाहेर टाकते. स्पायरोनोलॅक्टोन व एप्लेरेनोन त्याला अटकाव करतात. सूज उतरते, हृदयाला संरक्षण मिळते; पण पोटॅशियम साचू लागते. ते फार वाढले तर हृदयाची लय बिघडते, प्रसंगी हृदय थांबते.

१९९९ साली ‘राल्स’ चाचणीत या औषधाने गंभीर हार्ट फेल्युअरमधील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. साहजिकच त्याचा वापर झपाट्याने वाढला. २००४ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एसीई इनहिबिटर घेणाऱ्या अशा वृद्ध रुग्णांत पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मधील दर हजारी २.४ वरून २००१ मध्ये ११ वर गेले होते. चाचणीत रुग्णांची निवड व रक्ततपासणी काटेकोर होती. रोजच्या व्यवहारात तसा काटेकोरपणा क्वचितच राहतो.

ही उणीव परिचारिका भरून काढू शकते. पहिल्या गोळीपूर्वी पोटॅशियम व क्रिएटिनिन पाहावे. पोटॅशियम ५ च्या वर असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी देऊ नये. आठवड्याने व महिन्याने तपासणी पुन्हा करावी. रोज सकाळी वजन नोंदवावे. जुलाब वा उलट्या झाल्यास लगेच कळविण्यास सांगावे. सांधेदुखीची गोळी परस्पर घेतली जाते का, स्वयंपाकात पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ आले आहे का, हेही विचारावे. पुरुषांना स्तन दुखणे वा वाढणे सांगावयास संकोच वाटतो. ते गुपचूप औषध सोडतात. तो प्रश्न आपण होऊन विचारावा.

अहवाल पाहून गोळी रोखून धरणाऱ्या सिस्टरला “आगाऊपणा करू नका” असे सुनावणारेही आपल्यातच असतात. त्या क्षणी ती रुग्णाचा प्राण राखत असते, याचे भान आपण ठेवावे.