खेड्याचा इतिहास कोणीं लिहावा?

खापरखेड्याचें नांव घेतांच ऐकणाऱ्यापुढें तेथील औष्णिक वीजकेंद्र उभें राहतें. २१० मेगावॉटचे चार व ५०० मेगावॉटचा एक, मिळून १३४० मेगावॉट, हा आंकडा कोठेंही सांपडतो. परंतु ह्या धुराड्यांपूर्वीं तेथें शेतें होतीं, विहिरी होत्या, कास्तकार होते. त्यांचा वृत्तान्त कोठें सांपडतो?

अमरावती जिल्ह्यांतील पापळ हें खेडें आज ठाऊक आहे तें १८९८ सालीं तेथें जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांमुळें. १९५२ ते १९६२ पर्यंत केंद्रीय मंत्रिमंडळांत शेतीचें खातें संभाळणाऱ्या ह्या पुरुषानें १९५५ सालीं भारत कृषक समाज स्थापिला. यावलीची ओळख १९०९ सालीं तेथें जन्मलेल्या तुकडोजी महाराजांमुळें आहे. ह्यावरून, थोर पुरुष जन्मला तरच गांवास इतिहास, अशी समजूत होऊन बसली आहे. ती आम्हांस घातक वाटते. खुद्द महाराजांच्या ‘ग्रामगीते’चा विषय सारें गांव हाच आहे.

गांवाचा इतिहास म्हणजे गांवाच्या हक्कांचा पुरावा होय. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. पुढें इंग्रजी बंदोबस्तांत मालगुजारांस मालकी मिळाली, आणि १९५१ सालीं मालगुजारी संपली. इतक्या उलाढालींत चराई, सरपण, वाटा व पाणी ह्यांची वहिवाट टिकली ती नोंदींच्या बळावर. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेंही कलम १६१ अन्वयें निस्तारपत्रकाची व कलम १६५ अन्वयें वाजिब-उल-अर्जाची तरतूद केली आहे. आपल्या गांवचे हे कागद किती कास्तकारांनीं स्वतः पाहिले आहेत? जेथें कोळसा, वीज वा राख ह्यांसाठीं जमीन जाते, तेथें जुना नाला कोठून वाहत होता, गुरांची वाट कोणत्या बांधावरून जात होती, हें दाखविणारा कागद नसेल तर कास्तकाराचें म्हणणें कोण ऐकणार?

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक ग्रामसभेनें एक वही घालावी. तींत ह्या दोन्ही कागदांच्या नकला लावाव्यात. विहीर कोणीं खणली, बांध कोणीं घातला, कोणाचें शेत कोणत्या सालीं व कशासाठीं गेलें, हें वृद्धांकडून विचारून लिहावें. शाळेंतील मुलांकडूनही हें काम होण्याजोगें आहे. पंजाबरावांसारखा पुरुष प्रत्येक गांवीं जन्मत नाहीं. परंतु विहीर खणणारा प्रत्येक गांवीं होऊन गेला आहे. त्याचें नांव सांगणारे वृद्ध हयात आहेत तोंवरच हें काम उरकलें पाहिजे.