फाइल दिली, पण वाचता येते का?

अपंगत्व म्हटले की आपल्याला काठी आणि चाकाची खुर्ची आठवते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मात्र 21 प्रकार मान्य केले आहेत. अंधत्व, अंशदृष्टी, अध्ययन अक्षमता यांच्यासोबत विदर्भातील अनेक घरांना ठाऊक असलेला सिकलसेलही त्यात आहे. म्हणूनच कॉलेजच्या ग्रंथालयाचा प्रश्न आम्ही आरोग्याच्या पानावर घेत आहोत.

सिकलसेलच्या कळा सुरू झाल्या की मेहकर-लोणारच्या खेड्यातून एसटीने कॉलेज गाठणे मुलीला जमत नाही. तिचे कॉलेज एन-लिस्ट योजनेत असेल, तर लॉगिन घेऊन ती हजारो पुस्तके घरी अंथरुणावर बसून वाचू शकते. पण हे लॉगिन मिळते, एवढेही तिला कोणी सांगत नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्याची अडचण वेगळी. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर युनिकोड मराठी वाचून दाखवतो. पण नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका बहुधा स्कॅन केलेल्या असतात. संगणकाच्या लेखी ती नुसती चित्रे. कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर तर आतून इंग्रजी अक्षरांचाच असतो, त्यामुळे कानावर निरर्थक आवाज पडतात. पारख सोपी आहे. फाइलमधील एक ओळ निवडून मोबाइलवरील संदेशात चिकटवा. ओळ निवडताच आली नाही, किंवा भलतीच अक्षरे उमटली, तर त्या विद्यार्थ्यासाठी ते पुस्तक बंदच आहे.

‘कॉपीराइट आहे, आम्हाला करता येत नाही,’ ही सबब ऐकून घेऊ नका. दिव्यांगांच्या अभ्यासासाठी सुलभ प्रत करण्याची मुभा 2012 च्या दुरुस्तीने कायद्यातच दिली आहे. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही 2016 पासून सुरू आहे.

आमचे म्हणणे एवढेच. प्राध्यापकांनी नोट्स युनिकोडमध्ये द्याव्यात. ग्रंथपालांनी प्रवेशाच्या वेळीच दिव्यांग विद्यार्थ्यांना लॉगिन द्यावे आणि एका संगणकावर स्क्रीन रीडर बसवावा. पालकांनी मागणी तोंडी न करता प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. आणि टायपिंग येणाऱ्या आपल्या तरुणांनी रविवारी विहारात बसून एकेक धडा युनिकोडमध्ये उतरवावा. परीक्षेच्या आधी हातात आलेला एक धडासुद्धा त्या मुलाचे वर्ष वाचवू शकतो.