फवारणाऱ्याला विचारले कोणी?

गेल्या हंगामाच्या तोंडावर सेलू तालुक्यातल्या एका गावात फवारणीत घ्यायची काळजी या विषयावर आम्ही बैठक घेतली. समाजमंदिरात तीस-पस्तीस मंडळी होती. हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, वाऱ्याची दिशा, डब्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण, सगळे सांगून झाले. चहा आला तेव्हा दाराशी टेकून उभा असलेला एक जण म्हणाला, "साहेब, तुमचं बरोबर हाय. पन त्या हातमोज्याचे पैसे कोन देईन? अन् आमाले पंपाच्या हिशेबानं पैसे भेटते. चष्मा घालून, दम खाऊन फवारलं त दिवसाचे पंप किती होईन?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. बैठकीत बसलेले बहुतेक सातबाऱ्याचे धनी. दुसऱ्याच्या वावरात मजुरीने पंप पाठीवर घेणारा तो एकटाच होता, आणि तोही सतरंज्या टाकायला आला होता. निमंत्रणाची यादी मीच केली होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.

वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. २०१७ च्या पावसाळ्यात तिथे काय झाले हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यात उकाडा, फवारा अंगावरच येत होता. वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यात मजूर होते, तसे स्वतःच्याच वावरात फवारणारे कास्तकारही होते. नंतर चौकशी झाली, बैठका झाल्या, कागद निघाले. फवारणाऱ्याचे म्हणणे विचारले गेले ते दवाखान्याच्या खाटेवर.

आता थोडे लांबचे सांगतो, पण विषय हाच आहे. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आहे. १९१९ साली ती स्थापन झाली तेव्हापासून भारत तिचा सभासद आहे, आणि त्या वर्षीच्या वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी गेले होते. या संघटनेची रीत अशी की कामाचे नियम एकटे सरकार ठरवत नाही. सरकार, मालक आणि कामगार असे तिघे बसतात. आपल्या देशात हीच पद्धत १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना रुजली. त्या ऑगस्टमध्ये दिल्लीला त्यांच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय परिषद भरली. पुढची भारतीय श्रम परिषद ती हीच.

१९७६ साली जिनिव्हात १४४ क्रमांकाचा करार झाला. त्यात सरकारांनी बांधून घेतले की आंतरराष्ट्रीय श्रम मानकांबाबत मालक व कामगारांच्या प्रतिनिधींशी, दोघांना सारखे स्थान देऊन, वर्षातून निदान एकदा सल्लामसलत करू. आणि जे करार अजून मंजूर केले नाहीत, त्यांचाही अधूनमधून एकत्र फेरविचार करू. भारताने १९७८ मध्ये यावर सही केली.

आता २००१ चा १८४ क्रमांकाचा करार पाहा. तो शेतीतल्या कामाच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा आहे. रसायने कशी हाताळावी, रिकाम्या डब्यांचे काय करावे, जिवाला तातडीचा धोका दिसला तर मजुराने काम सोडून बाजूला होण्याचा हक्क, धोक्याची माहिती मिळण्याचा आणि आपले मत विचारले जाण्याचा हक्क, असे सगळे त्यात आहे. स्वतःच राबणाऱ्या शेतकऱ्यालाही हळूहळू त्या संरक्षणात आणावे असे करारासोबतच्या शिफारशीत म्हटले आहे. भारताने हा करार मंजूर केलेला नाही. तो का केला नाही, अडचण पैशाची की तपासणी यंत्रणेची, हे १४४ प्रमाणे त्या तिघांच्या बैठकीत बोलायचे आहे.

पण त्या बैठकीत आपल्या बाजूने बसतो कोण? मालकांच्या खुर्चीवर प्रामुख्याने उद्योगांचे महासंघ, कामगारांच्या खुर्चीवर केंद्रीय संघटना. काही संघटनांच्या शेतमजूर शाखा आहेत, हे मान्य. तरी आर्वी-समुद्रपूरकडचा तीन एकरवाला आणि त्याच्याकडे पंप मारायला येणारा, दोघांचाही आवाज तिथवर पोचणे कठीणच. हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांत कामगारांची संघटना होती, मालकाला बोलावे लागे. वावरात तसे कधी झाले नाही. पाडव्याला सालदाराशी बोलणी होतात खरी, धान्य किती, उचल किती. पण ती एकट्या माणसाशी, आणि बहुधा त्याच्या अडचणीच्या वेळी.

हे बोलायला लागले की कास्तकार मंडळी चिडतात. "आमीच कर्जात बुडालो, अन् तुमी आमाले मालक म्हणून मजुरासमोर बसवता?" त्यांचा राग मला समजतो. सोयाबीन-कापसाचा भाव त्यांच्या हाती नाही, औषधाची किंमत नाही, बोंडअळी तर नाहीच. पण १९७५ चा १४१ क्रमांकाचा करार, जो भारताने १९७७ मध्ये मंजूर केला, ग्रामीण कामगार कोणाला म्हणतो ते पाहा. नुसता मजूर नव्हे. मुख्य पोट शेतीवर असलेला आणि कायमचा गडी न ठेवता घरच्यांच्या बळावर, क्वचित बाहेरचा मजूर लावून जमीन कसणारा लहान कास्तकारही त्यात येतो. ठेक्याने, बटाईने करणाराही येतो. सालदार ठेवणारा मोठा कास्तकार मात्र येत नाही. म्हणजे माझ्या त्या बैठकीतले निम्मे तरी सातबारावाले आणि दाराशी उभा असलेला तो, करारानुसार एकाच बाजूचे ठरतात. त्यांनी संघटना करावी, सरकारने त्यात अडथळा आणू नये आणि त्यांचे म्हणणे ऐकावे, असे तो करार सांगतो.

दिल्ली दूर आहे, जिनिव्हा तर त्याहून दूर. पण १ मे ची ग्रामसभा गावातच भरते, आणि तो कामगार दिनही आहे. फवारणीला तेव्हा दोन-अडीच महिने अवकाश असतो. सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की यंदा हा विषय पत्रिकेवर घ्यावा. दवंडी मजूरवस्तीतही द्यावी, आणि सभा रोजी बुडणार नाही अशा वेळेला ठेवावी. पाणी वाहणाऱ्या, औषध कालवणाऱ्या बायांनाही बोलवावे, कारण विष त्यांच्याही हाताला लागते. मजुरी पंपावर की दिवसावर, हातमोजे-चष्म्याचा खर्च कोणाचा, भर दुपारी फवारणी बंद ठेवायची का, कोणाला भोवळ आली तर गाडी कोणाची आणि दवाखाना कोणता, एवढे चार प्रश्न तिथे समोरासमोर बोलले जावेत. जमेल ते ठरवावे. जमणार नाही ते ठरावात तसेच लिहावे, की हे गावाच्या आवाक्यात नाही, सरकारने पाहावे. ठरावाची एक प्रत तालुका कृषी कार्यालयाला आणि एक जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाला पाठवावी. कामगार कार्यालयाला शेतीचा ठराव कशाला, असे कोणी विचारील. तिथे तो आजवर फारसा गेलेला नाही, म्हणूनच पाठवायचा.