अपील म्हणजे अडवणूक नव्हे



‘वाढवणचा निकाल लागला, आता अपिलांचा खेळ पुरे’ या पत्रात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2024 रोजी वाढवण बंदराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, हे खरेच. पण बंदर हवे की नको, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने 31 जुलै 2023 रोजी दिलेली परवानगी कायद्यात बसते का, एवढेच तपासायचे होते. रिट याचिकेत तज्ज्ञांचे मत बाजूला सारून न्यायालय सहसा आपले मत देत नाही. शिवाय हे प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयाच्याच 1996च्या आदेशातून जन्मले आणि 1998 साली या प्राधिकरणानेच इथल्या बंदराला नकार दिला होता. मग त्याच सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तर तो आडमुठेपणा कसा?

‘अपिलाने काम अडते’ हेही टिकत नाही. नुसत्या अपिलाने स्थगिती मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते. राज्यघटनेच्या कलम 136 खालची विशेष अनुमती तर हक्काचीही नाही, न्यायालयाच्या मर्जीची. इथे 30 ऑगस्ट 2024 ला पालघरात भूमिपूजनसुद्धा उरकले!

तारखा लांबतात, हे मात्र मान्य. निकाल लागेपर्यंत बंदराजवळच्या वरोर-चिंचणीत घरी डाय (साचे) कोरणाऱ्याने नवे यंत्र घ्यावे की थांबावे? त्या दिरंगाईवर पत्र असते, तर खाली मीही सही केली असती.

– एक वाचक, बोईसर