डब्यातले विज्ञान, कपातले विष

आमच्या धाराशिवात पहाटे पाचला दोन प्रकारची माणसे जागी असतात. पोलीस भरतीसाठी पळणारी पोरे, आणि त्यांना उपदेश करणारी प्रौढ मंडळी. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. पळण्याचे वय सरले, की माणूस आपोआप मार्गदर्शक होतो.

माझा पुतण्या पहिल्या प्रकारातला. परवा पहाटे मी चहाचे आधण ठेवले, तर हा दारातूनच ओरडला, “काका, काय करायलाव? पळायच्या आधी चहा म्हणजे विष, सर म्हणलेत!”

हे बोलताना त्याच्या हातात पावडरचा एक डबा होता. डब्यावर एक फुगलेला दंड. मी चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली : एका चमच्यात कॅफिन २०० मिलिग्रॅम. टपरीवरच्या चहात ते जेमतेम तीस-चाळीस. म्हणजे पाच-सहा चहा हा गडी एका घोटात रिचवणार! कपात असले की विष, आणि डब्यात असले की विज्ञान?

अहो, कॅफिन दोन्हीकडे तेच. पहाटे अंग थंड असते, ताकद संध्याकाळपेक्षा कमी भरते. २०१२ साली स्पेनमधल्या संशोधकांनी १२ तरबेज गड्यांना सकाळी वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफिन दिले, तर त्यांची सकाळची ताकद संध्याकाळच्या बरोबरीला आली. उत्तेजकांवर जागतिक पहारा ठेवणाऱ्या संस्थेनेही २००४ साली त्याला बंदीच्या यादीतून काढले. साठ किलोच्या पोराला हा हिशेब १८० मिलिग्रॅमचा पडतो. तेव्हा आमच्या एका कपाने कोणी मिल्खा सिंग होणार नाही, हे कबूल. पण डोळे उघडतात, पाय हलतात. एवढ्यावर त्याला विष म्हणायचे?

खरा चोर वेगळाच आहे. दिवसभर मेंदूत अडेनोसिन साचते आणि झोपेला जागा करून देते. कॅफिन काय करते? एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे अडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसते. झोप बिचारी उभीच! ती उतरून जात नाही, नुसती ताटकळते. आणि हा रुमाल लवकर उचलला जात नाही. निम्मे कॅफिन अंगातून जायलाच पाचेक तास लागतात. अभ्यासिकेत रात्री नऊला घेतलेला चहा दोन वाजताही निम्मा शिल्लक असतो.

मैदानाचे गुण ५०, लेखी परीक्षेचे १००. पाठ केलेले डोक्यात मुरते ते झोपेत. रात्री चहाने झोप मारायची आणि पहाटे डब्याने ती झाकायची, याला तयारी म्हणत नाहीत. पोरांना चहाची भीती घालणारे आणि पोरांना डबे विकणारे, दोघांनाही पोराच्या झोपेशी काही घेणेदेणे नाही. आईबाप मात्र सोयाबीन विकून पैसे पाठवत असतात, आणि पोराचे भरतीचे वय निघून जात असते.

हे सगळे मी पुतण्याला तावातावाने सुनावले. त्याला पटले. पहाटे आता आम्ही दोघे अर्धा-अर्धा कप घेतो. डब्यात साखर आहे.

फक्त एक झाले. त्याने दुपारनंतर घरात चहा बंद केला आहे. सगळ्यांचा.

माझाही.